घरी आर्क वेल्डिंग शिकताय? डोळे, श्वास आणि त्वचेची काळजी

छोटी इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आता अनेक घरांत असते. खिडकीची जाळी, गेटची बिजागरी, गच्चीवरचा रॅक अशी कामे अंगणात शिकता येतात. मात्र या कामात होणारी इजा बऱ्याचदा लगेच जाणवत नाही. दुपारी काम करताना काहीच त्रास होत नाही आणि मध्यरात्री डोळे उघडता येत नाहीत. म्हणून मशीन सुरू करण्यापूर्वी ही माहिती तुम्ही आणि घरच्यांनीही वाचावी.

डोळ्यांना काय होते?

वेल्डिंगच्या प्रकाशात तीव्र अतिनील किरणे असतात. ती डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर पडली की त्याचा वरचा थर भाजतो. याला फोटोकेरायटिस म्हणतात. काचेशिवाय थोडा वेळ आर्क पाहणेही यासाठी पुरेसे असते.

लक्षणे साधारण 6 ते 12 तासांनी दिसतात:

- डोळ्यात वाळू गेल्यासारखे खुपणे, तीव्र वेदना
- सतत पाणी येणे, लाली, पापण्या सुजणे
- उजेड सहन न होणे, धूसर दिसणे

त्रास बहुधा दोन्ही डोळ्यांना होतो आणि 1 ते 3 दिवसांत थर भरून येतो.

असा त्रास झाल्यास काय करावे?

- अंधाऱ्या खोलीत आराम करा. बंद पापण्यांवर थंड पाण्याची स्वच्छ पट्टी ठेवा.
- कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास काढा. डोळे चोळू नका.
- वेदनेसाठी पॅरासिटामॉल चालते, पण यकृताचा आजार किंवा ॲलर्जी असल्यास आधी डॉक्टरांना विचारा.
- दूध, मध, गुलाबपाणी डोळ्यात घालू नका. त्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो.
- डोळा बधिर करणारे थेंब घरी वापरू नका. त्याने वेदना थांबते, पण जखम भरत नाही आणि कॉर्नियावर व्रण होऊ शकतो. स्टेरॉइडचे थेंबही स्वतःच्या मनाने घालू नका.

एकाच डोळ्यात खुपत असेल तर लोखंडाचा कण गेलेला असू शकतो, विशेषतः ग्राइंडर किंवा हातोडी वापरल्यावर. असा कण घरी काढू नका. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर ही गोष्ट आधी सांगा.

डोळ्यांचा बचाव

साधा गॉगल किंवा हाताने डोळे झाकणे पुरेसे नाही. चेहरा आणि मान झाकणारे हेल्मेट आणि त्यात 10 किंवा 11 क्रमांकाची काळी काच वापरा. स्लॅग ठोकताना काळी काच वर केली जाते, तेव्हा आत साधा सेफ्टी चष्मा हवा. मुले आणि मदतीला उभी असलेली व्यक्ती यांनाही तितकाच धोका असतो. पांढऱ्या भिंतीवरून परतणारी किरणेही त्रास देतात. मुलांना घरातच थांबवा.

धूर

काम उघड्यावर करा, वारा बाजूने वाहील असे बसा आणि डोके धुराच्या लोटात नेऊ नका.

- जीआय पाइप किंवा जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा नवशिक्याने टाळावा. त्याच्या धुराने काही तासांनी थंडी-ताप, अंगदुखी, तोंडात धातूची चव असा त्रास होतो. तो बहुधा 1 ते 2 दिवसांत उतरतो.
- रंग, गंज, तेल आधी घासून काढा. क्लोरीनयुक्त क्लीनरने पुसलेल्या लोखंडावर वेल्डिंग केल्यास अत्यंत विषारी वायू तयार होऊ शकतो.
- कापडी मास्क धूर अडवत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 मध्ये वेल्डिंगच्या धुराची गणना कर्करोगकारक घटकांत केली. कधीतरी घरी काम करणाऱ्याने घाबरू नये, पण सवय पहिल्या दिवसापासून चांगली लावावी.

त्वचा, भाजणे आणि शॉक

उघड्या त्वचेला उन्हाने भाजल्यासारखे होते. जाड सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, चामड्याचे हातमोजे आणि बंद बूट घाला. टेरिकॉट किंवा नायलॉन वितळून त्वचेला चिकटते. भाजल्यास 20 मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद लावू नका.

रॉड टेकलेला नसतानाही होल्डरवर 50 ते 80 व्होल्ट असू शकतात. ओली फरशी आणि घामाने भिजलेले हातमोजे धोका वाढवतात. अर्थिंग तपासून घ्या आणि रॉड बदलतानाही हातमोजे ठेवा. कोणाला शॉक बसला तर आधी मेन स्विच बंद करा, मगच त्याला हात लावा.

सुरुवात कशी करावी?

जाणकाराजवळ उभे राहून शिका. साध्या लोखंडाचा 3 ते 5 मिमी जाड तुकडा, 2.5 मिमीचा रॉड आणि साधारण 70 ते 90 अँपिअर करंट घेऊन सरळ रेषा मारण्याचा सराव करा. डिझेल किंवा थिनरचा रिकामा डबा कधीही वेल्ड करू नका. त्याचा स्फोट होऊ शकतो.

डॉक्टरांकडे कधी जावे?

- डोळ्यांचा त्रास 24 तासांत कमी न होणे, दृष्टी कमी होणे किंवा पू येणे
- डोळ्यात कण गेल्याची शंका
- दम लागणे किंवा छातीत घट्टपणा: लगेच रुग्णालयात जा
- शॉकनंतर बेशुद्धी, छातीत दुखणे किंवा धडधड: 108 ला फोन करा

पेसमेकर असलेल्यांनी हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय वेल्डिंग करू नये. दमा असल्यासही आधी सल्ला घ्या.