भोपाळ, वेस्ट आणि कागदावरच्या समित्या : रासायनिक आपत्तीची माहिती कोणाकडे असते?

१/ २ डिसेंबर १९८४. भोपाळमधील युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीतून मध्यरात्रीच्या सुमारास मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला. सुमारे ४० टन. डोळे चुरचुरू लागल्याने भोवतालच्या वस्त्यांतील माणसे जागी झाली. जवळपास कोणीतरी मिरच्या जाळत असावे, असे अनेकांना वाटले.

२/ माणसे जिवाच्या आकांताने धावत सुटली. पण धावायचे कोणत्या दिशेला? अनेक जण वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे वायूच्याच सोबतीने धावले. तोंडावर ओले फडके धरावे, ही साधी सूचनाही त्यांना आधी कधी मिळालेली नव्हती. वायू कोणता आणि त्यावर उपचार काय, हे हमीदिया रुग्णालयातील डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते.

३/ मध्य प्रदेश शासनाने पुढे मान्य केलेला मृतांचा आकडा ३,७८७ आहे. पीडितांच्या संघटनांच्या मते तो याच्या कितीतरी पट आहे. कारखान्यातील धोक्याबद्दल पत्रकार राजकुमार केसवानी १९८२ पासून लिहीत होते. याचा अर्थ माहिती अस्तित्वात होती, परंतु ती ऐकून घेणे, तपासणे आणि लोकांपर्यंत पोहोचवणे ही जबाबदारी कोणा एकाची नव्हती.

४/ आता अमेरिकेकडे वळू. वेस्ट व्हर्जिनियातील इन्स्टिट्यूट या गावी याच कंपनीचा कारखाना होता आणि तेथेही मिथाइल आयसोसायनेट तयार होत असे. भोपाळनंतर तेथील सुरक्षाव्यवस्थेत सुधारणा करण्यात आल्या. तरीही ११ ऑगस्ट १९८५ रोजी तेथून अल्डिकार्ब ऑक्झाइमची गळती झाली. शंभराहून अधिक लोकांना उपचार घ्यावे लागले. गावाला इशारा देण्यास झालेल्या विलंबावर मोठी टीका झाली.

५/ ही दुर्घटना दूर देशातील नव्हती, स्वतःच्या अंगणातील होती. तिने अमेरिकी काँग्रेसला हलवले. १७ ऑक्टोबर १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी एका कायद्यावर स्वाक्षरी केली. त्याच्या नावातच दोन गोष्टी एकत्र गुंफल्या होत्या : आपत्कालीन नियोजन आणि समाजाचा जाणून घेण्याचा हक्क.

६/ कायद्याची रचना साधी होती. प्रत्येक राज्यात एक आयोग आणि त्याच्या हाताखाली स्थानिक नियोजन समित्या. समितीत लोकप्रतिनिधी, पोलीस, अग्निशमन दल, आरोग्य विभाग, रुग्णालये, वृत्तपत्रे, नागरिकांचे गट आणि खुद्द कारखानदार. देशभरात अशा तीन हजारांहून अधिक समित्या उभ्या राहिल्या.

७/ अतिघातक रसायनांची एक यादी तयार झाली. त्या यादीतील रसायन ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त बाळगणाऱ्या कारखान्याने समितीला कळवायचे. याशिवाय घातक रसायनांच्या साठ्याचे विवरण दरवर्षी १ मार्चपर्यंत राज्य आयोग, स्थानिक समिती आणि अग्निशमन दल या तिघांना द्यायचे. नागरिकाने मागणी केल्यास ही माहिती त्यालाही मिळायला हवी.

८/ उणीव एकच होती, पण मोठी. केंद्र सरकारने समित्यांवर कामे सोपवली, मात्र ती चालवण्यासाठी नियमित निधी दिला नाही. बहुतेक सदस्य स्वतःची नोकरी सांभाळून हे काम करत. मोठ्या औद्योगिक जिल्ह्यांत कंपन्यांचे साहाय्य मिळे. शेतीप्रधान छोट्या जिल्ह्यात एखादाच अग्निशमन अधिकारी सगळा भार वाहत असे.

९/ मग कायदा प्रत्यक्षात चालतो आहे का, हे कळावे कसे? त्यासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने या समित्यांची देशव्यापी सर्वेक्षणे हाती घेतली : १९९४, १९९९ आणि २००८. विषय अगदी व्यवहारातले होते. आराखडा आहे का? तो अद्ययावत आहे का? त्याचा सराव होतो का? बैठका नियमित भरतात का? लोकांना माहिती दिली जाते का?

१०/ अनेक समित्या मनापासून काम करत असल्याचे यातून दिसले. मात्र काही समित्या केवळ कागदावर उरल्याचेही उघड झाले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जी समिती बंद पडली आहे, ती प्रश्नावलीला उत्तर देण्याची शक्यताही कमीच. त्यामुळे अशा सर्वेक्षणातील चित्र वास्तवापेक्षा थोडे उजळ असण्याचा संभव असतो. उत्तर न आलेले पाकीटही एक प्रकारचा पुरावाच असते.

११/ दुसरा प्रश्न नागरिकांचा. हक्क मिळाला, पण तो वापरला किती जणांनी? सुझन हॅडन यांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात याच प्रश्नाचा ऊहापोह केला. रसायनांची नावे आणि वजने यांची जंत्री लोकांपुढे ठेवली म्हणजे लोक जाणते होतात, असे नव्हे. ‘माझ्या घराला धोका आहे का आणि असल्यास मी काय करावे?’ या प्रश्नाचे उत्तर जंत्रीत सापडत नाही.

१२/ पुढे उलट दिशेनेही दबाव आला. मोठी दुर्घटना घडल्यास तिचा परिणाम किती अंतरापर्यंत होईल, याचा तपशील इंटरनेटवर टाकल्यास दहशतवाद्यांचे फावेल, अशी भीती व्यक्त होऊ लागली. १९९९ मध्ये कायदा करून असा तपशील खुला करण्यावर मर्यादा घालण्यात आली. ११ सप्टेंबर २००१ नंतर गोपनीयतेचा आग्रह आणखी वाढला.

१३/ १७ एप्रिल २०१३, टेक्सास. वेस्ट नावाच्या छोट्या गावातील खत-गोदामाला संध्याकाळी आग लागली. स्वयंसेवी अग्निशमन दल धावून गेले. काही मिनिटांतच अमोनियम नायट्रेटचा प्रचंड स्फोट झाला. १५ जण ठार झाले. त्यांतील १२ जण आग विझवण्यासाठी व मदतीसाठी गेलेले होते. जवळचे वृद्धाश्रम, शाळा आणि घरे उद्ध्वस्त झाली.

१४/ या घटनेतील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब अशी की कंपनीने २०१२ सालचे विवरण सादर केले होते आणि त्यात अमोनियम नायट्रेटची नोंद होती. पण हे रसायन ‘अतिघातक’ यादीत नव्हते. त्यामुळे त्यासाठी आपत्कालीन आराखडा करण्याचे बंधन कायद्याने घातलेले नव्हते. आगीकडे धावलेल्या जवानांना स्फोटाच्या धोक्याची पुरेशी कल्पना नव्हती, असे केंद्रीय चौकशीत पुढे आले.

१५/ भोपाळमध्ये माहिती दडलेली होती. वेस्टमध्ये ती नोंदलेली होती, पण जिच्यावर जीव अवलंबून होते अशा समजुतीत तिचे रूपांतर झाले नाही. पुढच्या वर्षी, २०१४ मध्ये, टेक्सासचे महाधिवक्ता ग्रेग ॲबट यांनी राज्य यंत्रणेला ही विवरणे नागरिकांना न देण्याची मुभा दिली. लोकांनी थेट कारखान्यांकडे जाऊन विचारावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर टीकेची झोड उठली.

१६/ आणि भारत? १९८७ च्या दुरुस्तीने कारखाना अधिनियमात कलम ४१-ब आले. कामगारांना आणि परिसरातील जनतेला धोक्याची माहिती देणे त्यामुळे बंधनकारक झाले. १९८९ च्या नियमांनी कारखान्याच्या आतील व बाहेरील आपत्कालीन आराखडे आणले. १९९६ च्या नियमांनी केंद्र, राज्य, जिल्हा आणि स्थानिक अशा चार पातळ्यांवर आपत्ती गट नेमले.

१७/ जिल्हा गटाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. स्थानिक गटात डॉक्टर, सरपंच किंवा समाजातील पुढारी, स्वयंसेवी संस्था, एवढेच नव्हे तर स्थानिक वृत्तपत्राचा संपादकही असावा, असे नियम सांगतो. अमेरिकी समितीशी असलेले हे साम्य सहज डोळ्यांत भरते. एकाच रात्रीच्या आठवणीतून दोन देशांत जवळजवळ एकसारखी यंत्रणा जन्माला आली.

१८/ महाराष्ट्राला हा विषय परका नाही. चेंबूर-तुर्भे, ठाणे-बेलापूर, तळोजा, पाताळगंगा, लोटे-परशुराम हे पट्टे रासायनिक उद्योगांचेच आहेत. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ मध्ये भीषण स्फोट झाला आणि मे २०२४ मध्ये पुन्हा. दोन्ही वेळी हादरे कारखान्याच्या भिंतीपुरते राहिले नाहीत. आजूबाजूच्या घरांच्या काचा फुटल्या.

१९/ कायदा केव्हा झाला, हे राजपत्रात सापडते. तो जगला की नाही, हे बैठकींच्या इतिवृत्तांत, सरावाच्या नोंदींत आणि प्रश्नावल्यांच्या उत्तरांत शोधावे लागते. ही कागदपत्रे रूक्ष वाटतात, म्हणून अभ्यासक त्यांच्याकडे सहसा वळत नाहीत.

२०/ औद्योगिक पट्ट्याजवळ राहणाऱ्या प्रत्येक वाचकाने विचारावेत असे तीन प्रश्न. आपल्या भागातील स्थानिक आपत्ती गटाची शेवटची बैठक केव्हा झाली? भोंगा वाजल्यास घरात थांबायचे की बाहेर पडायचे? आणि बाहेर पडायचे तर कोणत्या दिशेला? त्या रात्री भोपाळच्या माणसांना नेमके हेच ठाऊक नव्हते.

(समाप्त)