पाठीवरील ड्रॅगन

मुंबईच्या अपोलो बंदरावर १९११ सालीं पांचव्या जॉर्ज बादशहांचें मोठ्या थाटानें स्वागत झालें. त्या आगमनाचें स्मारक म्हणून गेट वे ऑफ इंडियाची कमान आजहि उभी आहे. परंतु त्या दिवशीं बादशहांच्या पोशाखाच्या बाहीखालीं निळ्या व तांबड्या रंगांत गोंदलेला एक ड्रॅगन होता, हें फारच थोड्यांना ठाऊक असेल. तो त्यांनीं तीस वर्षांपूर्वीं, १८८१ सालीं, आरमारांत उमेदवारी करणारे सोळा वर्षांचे राजपुत्र असतांना, जपानांत काढून घेतला होता. पुढें १८९१ सालीं रशियाचे युवराज, म्हणजे नंतरचे झार दुसरे निकोलस, यांनींहि नागासाकी येथें तसाच ड्रॅगन हातावर गोंदवून घेतला.

नवल हें कीं, जपानांत गोंदण्याला १८७२ पासून कायद्यानें बंदी होती. पाश्चात्य राष्ट्रांच्या दृष्टीला आपण रानटी दिसूं नये, हें त्या बंदीचें एक मुख्य कारण होतें. ज्या पाहुण्यांच्या संकोचानें ही कला सरकारनें दडविली, त्यांचेच राजपुत्र तिचे गिऱ्हाईक होऊन दारांत उभे राहिले! हा प्रकार कसा घडला हें समजण्यास ड्रॅगनच्या कुळाकडे थोडें वळून पाहिलें पाहिजे.

महासर्पाची कल्पना कोणा एका देशाची नव्हे. ऋग्वेदांतील वृत्र पाणी कोंडून ठेवतो आणि इंद्र त्याचा वध करून नद्या मोकळ्या करतो. उत्तर युरोपांतील फाफ्नीर सोन्याच्या राशीवर पडून राहतो व सिगुर्डच्या हातून मरतो. ख्रिस्ती कथेंत संत जॉर्ज त्याला भाल्यानें भोसकतो. या सर्व कथांत तो मारावयाचा शत्रु आहे. चीनमधील ‘लुंग’ मात्र याच्या अगदीं उलट! त्याला हरणाचीं शिंगें, सर्पाची मान, माशाचे खवले व गरुडाचीं नखें आहेत. तो मेघांत संचार करतो आणि पृथ्वीला पाऊस देतो. बौद्ध ग्रंथांचीं चिनी भाषांतरें होऊं लागलीं, तेव्हां संस्कृतांतील ‘नाग’ या शब्दासाठीं भाषांतरकारांनीं हाच ‘लुंग’ शब्द योजला. अशा रीतीनें आपल्याकडील नागराज पूर्वेकडे ड्रॅगनराज झाले. अजिंठ्याच्या एकोणिसाव्या लेण्याबाहेर राणीसह बसलेला नागराज ज्यांनीं पाहिला असेल, त्यांनीं जपानी ड्रॅगनचा एक दूरचा आप्तच पाहिला आहे असें म्हणण्यास हरकत नाहीं.

चीनमध्यें पांच नखांच्या ड्रॅगनचा मक्ता राजघराण्याकडे होता. सामान्य प्रजेनें तो वस्त्रावर काढणें हा अपराध ठरे. जपानांत ड्रॅगन बहुधा तीनच नखांचा काढीत, आणि तेथें तो राजवाड्यांतून निघून हमालाच्या पाठीवर जाऊन बसला.

याला कारण आग. ज्या शहराला आज टोकियो म्हणतात, तें एदो शहर सर्वस्वीं लांकडी घरांचें होतें. १६५७ सालच्या एका आगींत त्याचा निम्म्याहून अधिक भाग जळून गेला. अठराव्या शतकाच्या आरंभीं तेथें नागरिकांचीं अग्निशामक पथकें स्थापन झालीं. त्यांत बांधकामावरील मजूर फार. आग विझविण्यापेक्षां तिच्या वाटेंतील घरें आंकड्यांनीं ओढून पाडणें, हेंच त्यांचें मुख्य काम होतें. जाड सुती अंगरखे पाण्यांत भिजवून ते ज्वाळांत शिरत. त्या अंगरख्यांच्या आंतील बाजूस पुष्कळदां ड्रॅगन रंगविलेला असे, आणि तोच पाठीवरहि गोंदलेला असे. ड्रॅगन हा पाण्याचा स्वामी. ज्याला रोज अग्नीशीं झुंजावयाचें, त्यानें त्याला पाठीशीं घातला, यांत अस्वाभाविक तें काय?

या प्रथेला कलेचें रूप आलें तें एका चित्रकारामुळें. १८२७ च्या सुमारास उतागावा कुनियोशी यानें ‘सुइकोदेन’ या मूळ चिनी कथेंतील एकशें आठ बंडखोर वीरांचीं लांकडी ठशांचीं चित्रें छापण्यास प्रारंभ केला. त्यांतील एका वीराच्या अंगावर नऊ ड्रॅगन गोंदलेले आहेत. हीं स्वस्त चित्रें घरोघर पोंचलीं आणि तरुण मजूर तसेंच गोंदण मागूं लागले. ठसा कोरणें व कातडी गोंदणें या दोहोंना जपानी भाषेंत एकच क्रियापद आहे. बांबूच्या वा लांकडी दांड्याला बांधलेल्या सुयांनीं हें काम हातानें चाले. संपूर्ण पाठ भरण्यास महिने, प्रसंगीं वर्षें लागत. ड्रॅगनचा लांबलचक देह खांद्यावरून पाठीवर व तेथून मांडीपर्यंत सहज वळवितां येतो, आणि स्नायु हलले कीं तो जिवंत भासतो. दुसऱ्या कोणत्या आकृतीला हें इतकें साधतें?

आणखी एक गोष्ट विसरतां येत नाहीं. उंची वस्त्रें वापरण्यास सामान्य जनांना त्या काळीं मनाई होती. त्याच राजवटींत १७२० पासून गुन्हेगारांच्या अंगावर गोंदणाच्या खुणा करण्याची शिक्षाहि चालू होती. ज्या कातडीवर सरकार लांछन उमटवी, त्याच कातडीवर गरीब माणसानें आपलें भरजरी वस्त्र चढविलें! छातीच्या मध्यावर एक उभी पट्टी कोरी ठेवीत, म्हणजे अंगरखा उघडा असला तरी बाहेरून कांहीं दिसत नसे.

म्हणूनच १८७२ च्या बंदीनें ही कला मेली नाहीं. ती कपड्यांखालीं गेली. ती बंदी १९४८ सालीं उठली. मध्यंतरीं संघटित गुन्हेगारांच्या टोळ्यांशीं गोंदणाचें नांव जोडलें गेलें, आणि तो डाग अद्याप पुरता पुसलेला नाहीं. गोंदणें हें वैद्यकीय कर्म नव्हे, त्याला डॉक्टरी परवाना नको, असा निर्णय जपानच्या सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं दिला, तेव्हां कोठें या कारागिरांना निर्धास्तपणें काम करण्याचा हक्क मिळाला.

चीनची बादशाही १९१२ सालीं संपली आणि पांच नखांचे ड्रॅगन विणलेले तिचे झगे आतां पदार्थसंग्रहालयांत कांचेआड आहेत. मजुराचा ड्रॅगन मात्र जिवंत माणसांच्या पाठींवर अजून वावरत आहे. तथापि जपानांतील अनेक सार्वजनिक स्नानगृहांच्या दारावर गोंदण असलेल्यांस प्रवेश नसल्याची पाटी आजहि आढळते. ज्याला पाण्याचा स्वामी म्हणून आगींत बरोबर नेलें, त्या ड्रॅगनला पाण्याच्याच दारांत थांबावें लागतें.