रेशेन खिंडीच्या वाटेवर

ऑस्ट्रियातून इटलीत उतरताना आल्प्स ओलांडण्याच्या ज्या सोप्या वाटा आहेत, त्यांपैकी एक रेशेन खिंडीतून जाते. सुमारे १५०० मीटर उंचीवरच्या या खिंडीजवळ आदिजे नदी उगम पावते. तिथून मेरानच्या दिशेने उतरणारे तिचे खोरे म्हणजे विन्शगाऊ. रोमनांनी पहिल्या शतकात या खोऱ्यातून व्हिया क्लाउडिया ऑगुस्टा हा रस्ता नेला. पुढे शतकानुशतके व्यापारी, यात्रेकरू आणि फौजा याच वाटेने गेल्या. इथल्या चर्चांचा आणि किल्ल्यांचा इतिहास या वाटेपासून वेगळा काढता येत नाही.

शार्लमेनने ७७४ मध्ये उत्तर इटलीतील लोंबार्ड राज्य जिंकले आणि आल्प्समधल्या वाटांचे महत्त्व वाढले. शेजारच्या, आज स्वित्झर्लंडमध्ये असलेल्या खोऱ्यातील म्युस्टायरचा मठ त्याच सुमाराचा. त्याच्या चर्चमधील भिंती इ. स. ८०० च्या आसपास चित्रांनी भरल्या गेल्या. नंतरच्या थरांखाली ही चित्रे झाकली गेली आणि म्हणूनच टिकली. १९८३ पासून हा मठ जागतिक वारशाच्या यादीत आहे.

माल्स गावातले सेंट बेनेडिक्टचे छोटे चर्च याच काळातले, आणि खोऱ्यातला सर्वांत मोलाचा ठेवा बहुधा तेच. तिथे देवदूत आणि संतांच्या जोडीला दोन देणगीदार रंगवले आहेत. एका धर्मगुरूच्या हातात चर्चची प्रतिकृती आहे, तर फ्रँकिश वेशातल्या सरदाराने दोन्ही हातांनी तलवार धरली आहे. त्या काळातील सरदाराचे चित्र युरोपात क्वचितच सापडते. नाटुर्न्सच्या सेंट प्रोकुलसमध्ये झोक्यावर बसल्यासारखा दिसणारा एक पुरुष आहे. दमास्कसच्या तटावरून दोराने निसटणारा संत पॉल, असा त्याचा एक अर्थ लावतात.

१३४० मीटर उंचीवरच्या मारिएनबर्ग या बेनेडिक्टाइन मठाच्या तळघरातील बाराव्या शतकातली चित्रे साधूंच्या कबरींच्या बांधकामाआड होती. १९८० मध्ये कबरी हलवल्यावर ती पूर्ण उघड झाली. रंग आजही ताजे वाटतात.

श्लुडर्न्सचा शुर्बुर्ग किल्ला तेराव्या शतकात कूरच्या बिशपांनी बांधला. पुढे तो माच सरदारांकडे आणि १५०४ मध्ये ट्राप घराण्याकडे आला. आजही त्यांच्याकडेच आहे. मिलानच्या कारागिरांनी माच सरदारांसाठी घडवलेली चिलखते त्याच्या शस्त्रागारात जपली आहेत. जवळच काल्वेन इथे २२ मे १४९९ रोजी ग्राउब्युंडनच्या सैन्याने सम्राट मॅक्सिमिलियनच्या फौजेचा पराभव केला आणि ग्लुर्न्स शहर जाळले. नंतर उभारलेला शहराचा तट अजून अखंड आहे.

माथ्यावरचे ग्राउन गाव मात्र वाचले नाही. विजेसाठी बांधलेल्या धरणाच्या पाण्याखाली ते १९५० मध्ये गेले. घरे आधीच पाडली होती, चर्चही पाडले होते. चौदाव्या शतकातला त्याचा घंटेचा मनोरा तेवढा ठेवला, आणि तो अजून तळ्याच्या पाण्यात उभा आहे.