गुटगुटीत बाळाला पहिला नंबर

सुदृढ बालक स्पर्धा ही मुळात साहेबाच्या राज्यातली हौस. व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी रीडिंग यांच्या पुढाकाराने १९२४ साली देशात ‘बेबी वीक’ सुरू झाला. साहेब गेला, स्पर्धा राहिली. महिला मंडळं, गणेशोत्सव असं करत ती आमच्या अंगणवाड्यांत आली. मी पालघर तालुक्यात पर्यवेक्षिका होते. बोईसरच्या केंद्रांवर परीक्षक म्हणून बसायचे. नियम सोपा. काटा जास्त खेचेल त्याचा पहिला नंबर. दंडाला वळ्या असल्या तर विचारायलाच नको. आईला स्टीलचा डबा, टाळ्या, फोटो.

तेव्हा यात कुणाला काही खटकत नसे. १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं गेली आणि सारा महाराष्ट्र हादरला. अशा मुलखात जाडजूड बाळ दिसलं की हायसंच वाटणार.

पण याच मुलखात त्याआधीचं एक वेगळं काम होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या दारात न्यायची, अंगणात भरवायची. अंघोळ, नखं, गाणी, खेळ, सगळं तिथेच. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणशाळा. २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली, तिने अंगणवाडी हे नाव उचललं. माझ्या मते अंगण मात्र मागेच राहिलं. आमच्या वाट्याला आली भाड्याची खोली, काटा आणि रजिस्टर.

रजिस्टरातही गंमत होती. तक्ता वयानुसार वजनाचा. मूल किती कमी पडतं तेवढंच तो सांगायचा, आणि कुपोषणाची श्रेणी तीन-चार निघाली की आमची धावपळ. आता समजा, एखादं मूल लहानपणीच्या उपासमारीने खुजं राहिलं आणि पुढे तेलकट-गोड खाऊन पोटाला सुटलं. वयाच्या मानाने त्याचं वजन बरोबर भरणार. तक्त्यात ते हिरव्या पट्ट्यात, म्हणजे आमच्या लेखी उत्तम! उंची मोजून वजन तिच्याशी ताडल्याशिवाय हे कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची नवी मानकं २००६ ची. उंचीची पट्टी केंद्रात नेमाने वापरात यायला पोषण अभियान यावं लागलं, म्हणजे २०१८.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं उद्‌घाटन तर ६ फेब्रुवारी २०१३ ला पालघरलाच झालं, सोनिया गांधींच्या हस्ते. तपासायच्या तीस दोषांची यादी ठरली. त्यात रक्तक्षय होता, मुडदूस होता, गलगंड होता, तीव्र कुपोषण होतं. लठ्ठपणा नव्हता. आणि तपासणीची पथकं जायची अंगणवाड्यांत आणि सरकारी-अनुदानित शाळांत. इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळेतलं मूल तपासणीबाहेरच.

मुलामुलांतला हा फरक बोईसरला जास्त जाणवतो. १९६९ साली तारापूरचं अणुवीजकेंद्र सुरू झालं, मग एमआयडीसी आली. एकीकडे कर्मचाऱ्यांची वसाहत, मैदानं, झाडं. तिथलं मूल बालरोगतज्ज्ञाकडे जातं. दुसरीकडे उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्या कामगारांच्या चाळी. आईबाप दोघं पाळीवर, पोराच्या हातात मोबाइल आणि पाच रुपयांची तेलकट खाऊची पुडी. पूर्वेला पाड्यांवर नाचणी-वरई आटली, तशी पुडी तिथेही पोचली. शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत असलं काही विकायचं नाही, असा केंद्र सरकारचा नियम २०२० चा. टपरीवाल्याला तो कुणी वाचून दाखवला असेल असं वाटत नाही. २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांत साखरेचे फलक लावायला सांगितले. चांगलं आहे, पण पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेला सीबीएसईचं परिपत्रक लागू होत नाही.

स्पर्धा बदलली ती २०२२ मध्ये. केंद्र सरकारने ‘स्वस्थ बालक बालिका स्पर्धा’ घेतली, त्यात वजनासोबत उंची धरली. मी तेव्हा निवृत्त झाले होते, तरी एका केंद्रावर सहज डोकावले. चाळीतली एक आई सेविकेवर चिडली होती.

“ताई, माझा एवढा भरलेला, आणि नंबर त्या काडीला?”

“काडी नाही गं ती. उंचीच्या मानाने बरोब्बर आहे. तुझ्या बाळाचं वजन जास्त भरतंय.”

“मग उपाशी ठेवू की काय त्याला?”

“उपाशी कशाला? पुडी बंद कर, घरातलं वरण-भात दे. आणि संध्याकाळी बाहेर खेळायला सोड.”

“कुठे सोडू? दारात टँकर उभे असतात कंपनीचे.”