ग्रीनवे, फ्रान्सिस

(२० नोव्हेंबर १७७७ – सप्टेंबर १८३७). न्यू साउथ वेल्समधील वसाहतीचा पहिला सरकारी वास्तुशिल्पी. मूळचा हद्दपारीची शिक्षा झालेला ब्रिटिश कैदी. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळच्या मँगट्सफील्ड येथे बांधकाम व्यावसायिकांच्या घराण्यात जन्म. १८०९ मध्ये दिवाळे निघाले. पुढे बांधकामाच्या करारासंबंधीचा बनावट दस्तऐवज केल्याचा गुन्हा त्याने १८१२ मध्ये कबूल केला. त्याला फाशीची शिक्षा झाली. नंतर ती १४ वर्षांच्या हद्दपारीवर आली.

फेब्रुवारी १८१४ मध्ये तो सिडनीत पोहोचला. कुशल कारागिरांची तिथे मोठी वाण होती. गव्हर्नर लॅकलन मॅक्वारी याने त्याचे गुण हेरले व १८१६ मध्ये त्याची सरकारी वास्तुशिल्पी म्हणून नेमणूक केली. मॅक्वारी दीपगृह, विंडसरचे सेंट मॅथ्यू चर्च आणि सिडनीतील सेंट जेम्स चर्च ही त्याची प्रमुख कामे.

हाइड पार्क बराक (१८१९) ही त्याने कैद्यांसाठीच उभारलेली तीनमजली विटांची इमारत. कैदी तिथे लाकडी दांड्यांना ओळीने बांधलेल्या कापडी झोळ्यांत झोपत. २०१० मध्ये तिचा समावेश जागतिक वारसास्थळांत झाला.

मॅक्वारी मायदेशी परतल्यावर १८२२ मध्ये ग्रीनवेला पदावरून काढण्यात आले. ईस्ट मेटलंडजवळ तो दारिद्र्यात मरण पावला; त्याच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या १० डॉलरच्या नोटेवर त्याचे चित्र छापले गेले. शिक्षा झालेल्या माणसाच्या हातांनी शहर घडवले, याची ही उशिरा दिलेली पावती होय.