पीचच्या डब्यातलं पेट्रोल

चिरंजीवांनी सिडनीच्या पश्चिम भागात एक जुनं घर घेतलं. आधीच्या मालकाने गॅरेजात बरंच काही टाकून दिलं होतं. मोडकी खुर्ची, रंगाचे डबे आणि कोपऱ्यात गवत कापायचं एक मशीन. त्यावर नाव होतं व्हिक्टा. टू-स्ट्रोक इंजिन, १६० सीसी. चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्ही त्याच्या नादाला लागू नका. कौन्सिलची गाडी येईल तेव्हा बाहेर ठेवायचंय ते."

मंडळी, परदेशी मुलाकडे राहायला गेलेल्या माणसाचा दिवस किती मोठा असतो, ते गेलेल्यालाच ठाऊक. दहाच्या आत घर रिकामं. मग आपण, टीव्ही आणि खिडकीबाहेरचं गवत. शिवाय मी २२ वर्षं लूना चालवलेली. टू-स्ट्रोक इंजिन बघून हात स्वस्थ कसे बसणार? नादाला लागलोच.

पण आधी इतिहास. जन्मभर तोच शिकवला, त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की ती कुठून आली हे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही.

गवत कापायचं यंत्र मूळचं इंग्रजांचं. ग्लॉस्टरशायरमधल्या स्ट्राउडजवळच्या एडविन बडिंगने १८३० साली त्याचं पेटंट घेतलं. त्या भागात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या आणि कापडावरची लव छाटायला फिरत्या पात्यांचा रूळ असे. बडिंगने तो रूळ जमिनीवर आणला. कापडाची लव काय नि जमिनीची लव काय! पुढची शंभर वर्षं बहुतेक यंत्रं याच रुळाची. मात्र त्याला गवत आधीच बेताचं लागतं. गुडघाभर वाढलेल्या रानात तो अडकतो.

आता ऑस्ट्रेलिया. दुसऱ्या महायुद्धानंतर सिडनीभोवती उपनगरं वाढली. प्रत्येकाला स्वतंत्र घर, पुढे-मागे अंगण, अंगणात गवत. ते कापायचं कुणी? आपल्यासारखा माळी ठेवायची तिथे सोय नाही. घरधन्यानेच सुट्टीच्या दिवशी ढकलायचं.

सिडनीच्या कॉनकॉर्ड भागात मर्विन व्हिक्टर रिचर्डसन नावाचे गृहस्थ राहत. पूर्वी मोटारींच्या धंद्यात होते, तो मंदीत बुडाला आणि मग नोकरी. त्यांचा मुलगा गॅरी शिक्षण घेत असताना लोकांची गवतं कापून पैसे मिळवी. मुलाचं काम सोपं व्हावं म्हणून बापाने घरच्या गॅरेजात इंजिन बसवलेली रुळाची यंत्रं केली. ती विकायलाही लागले. स्वतःच्या मधल्या नावावरून त्यांना नाव दिलं व्हिक्टा.

खरी गंमत ऑगस्ट १९५२ मधली. त्याआधी १९४८ साली कॉनकॉर्डमध्येच लॉरेन्स हॉल या माणसाचं एक यंत्र रिचर्डसननी पाहिलं होतं. त्यात पंख्यासारखी आडवी फिरणारी पाती होती, पण ते फार जड, एकाने ढकलायचं नि दुसऱ्याने दोरीने ओढायचं. कल्पना हॉलची, हे सांगितलंच पाहिजे, कारण लोकप्रिय इतिहासात दुसऱ्याचं नाव नेहमी गळतं. रिचर्डसननी ती हलकी केली. व्हिलियर्स कंपनीचं छोटं टू-स्ट्रोक इंजिन आडवं पाडलं, म्हणजे त्याचा दांडा सरळ जमिनीकडे आला. दांड्याला खालून थेट पाती. मध्ये साखळी नाही, गिअर नाहीत. भंगारातलं लोखंड, पोरांच्या ढकलगाडीची चाकं, आणि पेट्रोलची टाकी म्हणून पीच फळांचा रिकामा डबा. पुढे त्या यंत्राला 'पीच टिन' हेच नाव पडलं.

तेव्हा रिचर्डसन यांचं वय होतं ५८. आमच्याकडे शिक्षकाला ५८ व्या वर्षी नारळ-शाल देऊन घरी पाठवतात. मलाही पाठवलं. या गृहस्थांनी पुढच्याच फेब्रुवारीत, १९५३ साली, नोकरी सोडून पूर्ण वेळ कारखाना काढला. १९५८ मध्ये मिलपेराला मोठा कारखाना झाला, ३,००० माणसं, वर्षाला १,४३,००० यंत्रं, २८ देशांत निर्यात. पुढे या कंपनीने 'एअरटूरर' नावाची छोटी विमानंसुद्धा बनवली! रिचर्डसन १९७२ साली वारले. त्याच साली आपल्याकडे लूना आली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण मला तो योग आवडला.

असो. गॅरेजात येऊ.

दोरी ओढली, पंधरा-वीस वेळा. खांदा भरून आला, इंजिन ढिम्म. मग शिस्तीत सुरुवात केली. प्लग काढला, पॉलिश पेपरने घासला, केबलला जोडून हेडला टेकवला आणि दोरी ओढली. निळी ठिणगी. म्हणजे वीज शाबूत. टाकीचं झाकण उघडलं तर आत पेट्रोल कसलं, वॉर्निशचा वास! पेट्रोल वर्षानुवर्षं राहिलं की त्याचा चिकटा होतो आणि कार्बोरेटरची बारीक भोकं बुजतात. टाकी धुतली, कार्बोरेटर खोलला. आतला रबरी पडदा वाळून पापडासारखा झाला होता. स्टेशनजवळच्या दुकानात नवा मिळाला. दुकानदाराने ऑइलचं प्रमाण विचारलं, मी म्हटलं २५ ला १. एका लिटरला ४० मिली. म्हातारा खूष झाला आणि पडद्याबरोबर एक जुना प्लगही फुकट दिला.

सुरू झालं! धूर, फटफट, सगळं ओळखीचं. पण दाट गवतात नेलं की मान टाकायचं. प्लग ठीक, पेट्रोल ठीक, हवेचा फिल्टर साफ. दोन दिवस डोकं चालेना. तिसऱ्या दिवशी आमच्या गावच्या गॅरेजातला मेकॅनिक आठवला. त्याच्या दारात कायम एक छोटी शेकोटी पेटलेली आणि तीत टू-स्ट्रोक गाड्यांचे सायलेन्सर भाजत घातलेले असत. आतला काजळीचा थर जाळायला! सायलेन्सर खोलला, तर धूर बाहेर जायचं भोक करंगळी जाईल एवढंच उरलेलं. आधीच्या मालकाने 'जास्त ऑइल म्हणजे जास्त काळजी' या हिशेबाने वर्षानुवर्षं हात सैल सोडला असणार. पिस्टन वर आणला, म्हणजे त्या भोकामागे त्याची भिंत येते आणि खरवड आत पडत नाही. लाकडी काडीने दुपारभर खरवडलं. लोखंडी हत्यार लावायचं नाही, पिस्टनला चरे पडतात.

ते भोक साफ करताना या इंजिनाचा सगळा इतिहास समोर आला. चार स्ट्रोकच्या इंजिनात व्हॉल्व असतात, ते उघडायला कॅम, कॅम फिरवायला चक्रं. १८९१ च्या सुमारास इंग्लंडातल्या बाथ गावी जोसेफ डे आणि त्याच्या कारखान्यातला फ्रेडरिक कॉक यांनी हे सगळं काढून टाकलं. सिलिंडरच्या भिंतीला भोकं ठेवली. पिस्टन वर-खाली जाता जाता स्वतःच ती झाकतो नि उघडतो. ऑइल पेट्रोलातच, म्हणून तळाशी ऑइलची टाकी नाही, आणि म्हणून इंजिन आडवं पाडा, उतारावर तिरकं धरा, चालतं. हे नसतं तर रिचर्डसनना ते पातीवर उभं करता आलं नसतं. आणि हे नसतं तर माझ्यासारख्या बी.ए. झालेल्या मास्तराला ते खोलून जोडताही आलं नसतं.

पण त्याच भोकात दोषही आहे. नवं मिश्रण आत येतं तेव्हा धूर जायचं भोक अजून उघडंच असतं. त्यामुळे आलेल्या पेट्रोलपैकी चौथा हिस्सा, कधी त्याहून जास्त, न जळताच बाहेर जातो. वर ऑइलचा धूर. ही चूक कुणा कारागिराची नाही. जे काढून टाकल्यामुळे इंजिन सोपं झालं, त्याचीच ती किंमत आहे. आमच्या पिढीने ती चौकाचौकात रिक्षांच्या मागे उभं राहून नाकाने मोजली आहे. आपल्याकडे २००० सालापासून निकष कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक गाड्या हळूहळू गेल्या. त्याच वर्षी, १५ सप्टेंबर २००० ला, सिडनी ऑलिंपिकच्या उद्घाटनात मात्र गवत कापायची यंत्रं दिमाखात मैदानावर नाचवली होती! ऑस्ट्रेलियाने छोट्या इंजिनांसाठी २०१७ मध्ये कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून निकषात न बसणाऱ्या नव्या इंजिनांची विक्री बंद झाली. जुनी वापरायला बंदी नाही. मला विचाराल तर कायदा योग्यच झाला. हे लिहिताना हाताला त्याच ऑइलचा वास येतोय, तरी म्हणतो.

सगळं जोडून शनिवारी मागचं अंगण कापलं. रविवारी सकाळी आठच्या आत इथे यंत्र लावता येत नाही, म्हणून शनिवार. चिरंजीव बाहेर आले, दारातच थांबले. "लूनाचा वास येतोय," म्हणाले. लहानपणी लूनावर पुढे उभे राहून शाळेत यायचे. मग त्यांनी माझ्या हातून दांडा घेतला आणि कुंपणापर्यंत दोन फेऱ्या मारल्या. तेवढ्यात शेजारच्या बाईंनी तारेवरचे कपडे भराभर आत नेले. आम्ही दोघांनी ते पाहिलं.

पुढच्या महिन्यात घरात बॅटरीचं मशीन आलं. ते आवाज करत नाही, सूनबाईही चालवतात. व्हिक्टा कौन्सिलच्या गाडीत गेलं नाही. कुंपणाच्या कडेला गवत फार माजलं की तेवढ्यापुरतं काढायचं, वाऱ्याची दिशा बघून, असं ठरलं.

भारतात परतायच्या आदल्या दिवशी टाकी रिकामी केली आणि कार्बोरेटरमधलं उरलंसुरलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवलं. मग झाकणावर चिठ्ठी चिकटवली: १ लिटर पेट्रोल, ४० मिली ऑइल, जास्त नाही.