तुर्भ्याची प्रयोगशाळा आणि खाटा मोजणारा कायदा

आज आपण नवी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेच्या निमित्ताने एक प्रश्न तपासणार आहोत. आरोग्यसेवेवर देखरेख ठेवताना कायदा नेमकं काय मोजतो?

आपल्या राज्यात खासगी रुग्णालयांसाठीचा मूळ कायदा 1949 चा, शुश्रूषागृह नोंदणीचा. तो करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर रुग्णाला दाखल करून घेणारी जागा होती: खाटा, परिचारिका, प्रसूतीची खोली. रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत रुग्ण राहतच नाही. साहजिकच ती त्या व्याख्येबाहेर राहिली.

आता 1996 कडे येऊ. भाभा अणुसंशोधन केंद्रात काम केलेले डॉ. ए. वेलुमणी यांनी त्या वर्षी थायरोकेअर सुरू केली. ‘स्टार्टअप’ हा शब्द तेव्हा आपल्याकडे रुळलाही नव्हता. त्यांचा हिशेब सोपा होता. महागडं यंत्र दिवसाला चार नमुने तपासो की चारशे, त्याची किंमत तीच. मग देशभरातले नमुने एकाच ठिकाणी आणले तर प्रत्येक तपासणी स्वस्त पडेल. पुढे तुर्भ्याच्या एमआयडीसीत मध्यवर्ती प्रयोगशाळा उभी राहिली. दिवसभर गावोगावी गोळा झालेल्या कुप्या विमानाने यायच्या आणि रात्रभर यंत्रं चालायची. 2016 मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. 2021 मध्ये फार्मईझीची मूळ कंपनी एपीआय होल्डिंग्जने तिचा 66.1 टक्के हिस्सा सुमारे 4,546 कोटी रुपयांना घेण्याचं ठरवलं.

या काळात कायदा कुठे होता? केंद्राने 2010 मध्ये क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा केला आणि त्यात प्रयोगशाळाही घेतल्या. पण महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही. एनएबीएलचं मानांकन ऐच्छिक. डिसेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी.

सही महत्त्वाची, यात वाद नाही. पण ती होते तुर्भ्यात, आणि रक्त काढलं जातं शेकडो मैलांवर. साध्या कुपीत रक्त तसंच राहिलं, तर त्यातल्या पेशी साखर खात राहतात आणि आकडा खाली येतो. म्हणजे यंत्र अचूक असलं तरी मधुमेह्याचा रिपोर्ट चुकू शकतो. मग जबाबदार कोण? रक्त काढणारा, पोहोचवणारा, की सही करणारा?

औषधांचीही हीच गोष्ट. 1940 च्या कायद्यातला विक्रीचा परवाना दुकानाच्या जागेला मिळतो. ऑनलाइन विक्रीच्या नियमांचा मसुदा ऑगस्ट 2018 मध्ये निघाला. धंदा वाढत गेला, मसुदा मसुदाच राहिला.

ही वाढ नुसती पळवाटेवर झाली, असं म्हणणं अन्यायाचं होईल. तपासण्या स्वस्त झाल्या, त्याचा फायदा आपल्याच घरांना झाला. पण आपले कायदे पत्ता बघून लिहिले गेले आणि ही सेवा आता प्रवासात घडते. त्या प्रवासाचे टप्पे ठरवून प्रत्येकाला एक उत्तरदायी माणूस नेमणं, हे काम अजून बाकी आहे. तोवर ‘रक्त किती वाजता काढलं आणि प्रयोगशाळेत कधी पोहोचलं’, एवढं तरी रिपोर्ट हातात आल्यावर आपण पाहायला हवं.